शेंदूर आणि शिसे

चेन्नईहून बंगळूरच्या हमरस्त्याला लागून पूनमल्ली ओलांडली, चेंबरंबाक्कम तलावाचा बांध डाव्या हाताला मागे पडला, की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. रामानुजाचार्यांच्या जन्मगावाची ही वेस, अशी तिची ओळख एके काळी पुरेशी झाली असती. आज येथे सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे. १९९० पासून मोटारशर्यतींची धावपट्टी आहे, आणि १९९८ मध्ये ह्युंदाईच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्यापासून सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची दाटी झाली आहे. गावाचे नाव मात्र जुनेच. जुन्या तमिळात ‘इरुम्’ म्हणजे मोठा, आणि ‘इरुम्’ म्हणजे काळाही. ‘काडु’ म्हणजे रान, ‘कोट्टै’ म्हणजे कोट. थोर, काळ्या रानातला कोट. लोखंडाला तमिळमध्ये ‘इरुम्बु’ म्हणतात हे आठवून पहिल्याच दिवशी मला मनाशी हसू आले. रान आता दिसत नाही. लोखंड पुष्कळ आहे.

तौलनिक साहित्याच्या अध्यापकाचे अशा ठिकाणी काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. मी चेन्नईत अभ्यागत प्राध्यापक म्हणून आलो तेव्हा मलाही ते माहीत नव्हते. झाले असे की, तेथील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात लातूर-नांदेडकडची अकरा मुले उमेदवार म्हणून आली होती, आणि रंगविभागात पाळावयाच्या दक्षतेविषयी कारखान्याने छापलेली सोळा पानांची पुस्तिका इंग्रजी, तमिळ आणि हिंदीत होती. मुलांना हिंदी बोलता येते. वाचण्याचा प्रश्न आला की ती पुस्तिका खिशात ठेवतात. तेथील सुरक्षा-अधिकारी एका सहकाऱ्याच्या ओळखीने माझ्याकडे आले आणि मोठ्या आर्जवाने म्हणाले, “प्रोफेसर सार, सोळाच पाने आहेत.” भाषांतराविषयी मी वीस वर्षे व्याख्याने देत आलो आहे. सोळा पानांना नाही म्हणणे शोभले नसते.

पाचव्या पानापर्यंत काम सुरळीत चालले. पाचव्या पानावर रंगद्रव्यांची यादी होती. पांढऱ्यासाठी टिटॅनियम डायऑक्साइड. त्याला मराठी नाव नाही आणि त्याची कोणाला उणीवही भासत नाही. तांबूस रंगासाठी लोखंडाचा ऑक्साइड. तेथे मी आनंदाने कंसात ‘काव’ असे लिहिले. मोटारींच्या त्या चकचकीत रुपेरी रंगांत रुपे नसते, ॲल्युमिनियमची बारीक चकंदळे असतात. तेही सोपे होते. अखेरीस, माल उचलण्याच्या जुन्या लोखंडी चौकटींना गंज न लागण्यासाठी जे अस्तर मारतात त्याचे द्रव्य होते. इंग्रजीत ‘रेड लेड’. हिंदीकाराने शब्दाला शब्द ठेवून ‘लाल सीसा’ केले होते, आणि ते वाचून निम्मी मुले तांबडी काच समजली असती. मी ‘शिशाचा लाल ऑक्साइड’ असे लिहिले. अचूक, निर्दोष, पारिभाषिक. आणि तेथेच माझी लेखणी थांबली.

कारण या वस्तूला मराठीत नाव आहे. ते शेंदूर.

माझे वडील मिरजेला रंगारी होते. ‘रंगारी’ हा शब्द त्यांना आवडत नसे. दुकानाच्या पाटीवर ‘पेंटर’ असे होते, आणि ती पाटी त्यांनी स्वतः, सुरेख वळणदार अक्षरांत लिहिली होती. पाट्या लिहिणे ही त्यांची हौस. पोट चाले ते लोखंडी दारे, खिडक्यांचे गज, जिन्यांचे कठडे आणि उसाच्या ट्रॉल्या रंगविण्यावर. लोखंडाला पहिला हात शेंदराचा, हा त्यांचा नेम होता. कोरडा शेंदूर पुड्यांतून येई. वडील तो अळशीच्या तेलात खलून अस्तर करीत. जुनी ट्रॉली आली की तिचे पहिले थर पॉलिश पेपरने कोरडेच घासून काढीत, आणि सारे अंगण नारिंगी धुळीने भरून जाई. त्याच पुडीतला चिमूटभर शेंदूर दर शनिवारी तेलात कालवून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीला जाई. दुपारी घासलेटच्या बोळ्याने हात पुसून वडील भाकरी खायला बसत. त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या शेंदरी होत्या. आम्हा मुलांना त्याचे कौतुक वाटे.

१९९१ च्या सुमारास त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या. आईने ओवा दिला, हिंग दिला. मग उजवे मनगट ढिले पडू लागले. बोटे ब्रश धरीत, परंतु मनगट उचलले जाईना. हात नुसता खाली लोंबे. एका वयस्क डॉक्टरांनी बराच वेळ हिरड्या पाहिल्या आणि विचारले, “शिशाचं काम करता का?” मी अकरा-बारा वर्षांचा, शेजारीच उभा होतो. वडील म्हणाले, “नाही डॉक्टरसाहेब. शिशाला आम्ही हात लावत नाही. मी रंगाचा माणूस.” डॉक्टरांनी मान हलविली आणि चिठ्ठीवर वायूची औषधे लिहिली.

या संभाषणात कोणीही खोटे बोलले नव्हते. प्रश्न बरोबर होता, भाषा दोघांची एकच होती, उत्तर मनापासूनचे होते. पुढे पाच वर्षांनी, मी अकरावीत असताना, रसायनाच्या तासाला शिशाच्या ऑक्साइडांवरून बोलता बोलता आमचे सर सहज म्हणून गेले, “हा म्हणजे आपला शेंदूरच की.” मी मधल्या सुटीत घरी आलो. वडिलांनी सगळे ऐकून घेतले. मग डाव्या हाताने उजवे मनगट चोळीत ते म्हणाले, “मग तसं म्हणत का नाहीत?”

त्यांनी शेंदूर सोडला. पोटाचे दुखणे गेले, मनगटात थोडी शक्ती आली. पाटी मात्र त्यांना पुन्हा लिहिता आली नाही.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला पुष्कळ अवधी लागला, आणि जे सापडले त्याने समाधान झाले नाही. कारण तसे म्हणत असत. अमरकोशात सिंदुराला ‘नागसंभव’ असा पर्याय आहे. नाग म्हणजे शिसे. शिशापासून झालेला तो नागसंभव. ज्याने हे नाव घडविले त्याने भट्टी पाहिली असली पाहिजे. शिसे हवेत भाजले की पिवळट मुरदाडशिंग होते. तेच बेताच्या आचेवर पुन्हा पुष्कळ वेळ भाजले की शेंदूर. शिशाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. वजन केले तर शंभर भागांत नव्वद भाग शिसेच. एवढे ज्ञान त्या एका समासात भरलेले होते. परंतु मराठीत येता येता नागाचा फक्त फणा उरला. आज नागसंभव म्हटले तर ऐकणारा वारुळाकडे पाहील. मोल्सवर्थने आपल्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत शेंदराचा अर्थ नेमका दिला आहे, पण तो इंग्रजीत, इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी. म्हणजे ही गोष्ट संस्कृतात ठाऊक होती, इंग्रजीत ठाऊक होती; मिरजेच्या अंगणात ती पोहोचली नाही.

याच्या उलट, मराठी माणूस ‘शिसे’ हा शब्द सर्वांत आधी कोठे शिकतो? शिसपेन्सिलीत. तिच्यात शिसे मुळीच नसते. ते ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाचा भाऊबंद. जेथे शिसे नाही तेथे आपण त्याचे नाव घेतो, आणि जेथे शंभरात नव्वद आहे तेथे घेत नाही.

हे सारे मी सुरक्षा-अधिकाऱ्यांना सांगत होतो ते कारखान्याच्या उपाहारगृहात, जेवताना. त्यांनी शांतपणे ऐकले आणि समोरच्या रसमच्या वाटीकडे बोट दाखवून म्हणाले, “आमच्या घरी हे ईयच्चोम्बूत होते. आता याचे मराठी काय कराल?” ईयच्चोम्बू म्हणजे ‘ईयम्’चा तांब्या, त्यातल्या रसमची चव और असते असे तमिळ गृहिणी सांगतात. कोश उघडला तर ईयम् म्हणजे शिसे. तसे भाषांतर केले तर सारा तमिळनाडू शिशाच्या भांड्यात रसम उकळतो आहे असे वाचकाला वाटेल. वस्तुतः ते भांडे कथलाचे. तमिळात ईयम् हे दोघांचे समाईक नाव. काळे ते ‘कारीयम्’, म्हणजे शिसे, आणि पांढरे ते ‘वेळ्ळीयम्’, म्हणजे कथील. रोमन लोकांचीही हीच रीत होती; प्लिनीने शिशाला काळे आणि कथलाला पांढरे प्लुम्बुम् म्हटले आहे. बोलताना लोक विशेषण गाळतात, कारण घरात कोणाचाच घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो बाजारात, कथलात शिसे मिसळणारा विक्रेता भेटला म्हणजे. कारण तोही ईयम्च विकीत असतो.

मी त्यांना नागसंभवाची गोष्ट सांगितली तेव्हा तर ते दचकलेच. तमिळ सिद्धवैद्यकात ‘नागम्’ म्हणजे जस्त. आयुर्वेदातील नागभस्म शिशाचे, सिद्धांचे नागपर्पम् जस्ताचे. एकच शब्द, दोन्ही परंपरा तो औषधाच्या कुपीवर लिहितात, आणि आत धातू निरनिराळे. तौलनिक साहित्यात आपण ज्यांना ‘फसवे मित्र’ म्हणतो त्यांची उदाहरणे मी वर्गात नेहमी हसत हसत देत आलो. यापुढे कदाचित तशी देता येणार नाहीत.

त्या दुपारनंतर मी वहीत धातूंची आणि रंगांची नावे टिपू लागलो. भाषांतर अर्थातच मागे पडले. तमिळ भाषा रंगावरून धातू ओळखते असे मला दिसू लागले. ‘सेम्’ म्हणजे तांबडे, त्यावरून ‘सेम्बु’ म्हणजे तांबे. ‘वेळ्’ म्हणजे पांढरे, त्यावरून ‘वेळ्ळि’ म्हणजे चांदी. जुन्या भाषेत ‘पोन्’ हा शब्द सोन्यापुरता नव्हता, धातुमात्राला लागे. ‘करुम्पोन्’, काळे सोने, म्हणजे लोखंड. वैदिक भाषेतही हीच दृष्टी आहे. वाजसनेयी संहितेत धातूंची जी नामावली येते तिच्यात हिरण्य, अयस्, सीस आणि त्रपु यांच्याबरोबर ‘श्याम’ आणि ‘लोह’ आहेत: एक काळा, एक तांबूस. म्हणजे आपण ज्याला लोखंड म्हणतो त्या शब्दाच्या पोटात मुळात तांबडा रंग आहे. मराठीने पितळेच्या बाबतीत ही वाट ठेवली. परंतु तिचा खरा स्वभाव उलटा आहे. ती धातूवरून रंग ओळखते. आपला रोजचा रंग ‘तांबडा’ हा तांब्याचा. पहाटे तांबडे फुटते, मातीही तांबडी, कोल्हापुरी रस्सा तांबडा. ‘लाल’ हा नंतर आलेला फारसी पाहुणा. सोनेरी, रुपेरी, शेंदरी, हिंगुळी हे सारे खाणीतून वर आलेले रंग. मग ज्या भाषेने तांबड्यात तांबे इतके जपले तिने शेंदरात शिसे का हरवावे? मला वाटते, शेंदूर लवकर देवाचा झाला. दगडाला शेंदूर फासला की देव होतो ही म्हण आपण उपहासाने वापरतो. पण त्या देवत्वाने दगड तर झाकलाच, शेंदराचे कूळही झाकले.

दोन शब्द मात्र मला येथे फार आनंद देऊन गेले, म्हणून विषय थोडा सोडतो. मोरचूद हा पहिला. त्याच्या निळाईवरून मराठीला मोर आठवला, तमिळलाही आठवला (‘मयिल् तुत्तम्’), आणि अमरकोशातील ‘शिखिग्रीव’ तर थेट मोराची मानच. तिघांत कोणी कोणाचे ऋण घेतले हे पाहण्यापेक्षा तिघांनी एकाच मानेकडे पाहिले हे मला अधिक मोलाचे वाटते. दुसरा हरताळ. आर्सेनिक आणि गंधक यांचा तो पिवळाजर्द खनिज. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरावर लेखनिक हरताळाचा लेप देई आणि त्यावर नवे अक्षर काढी. म्हणून मराठीत एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासला’ म्हणजे ती पुसून टाकली. संपाचा हरताळ वेगळा, तो हाटाला टाळे लावून गुजरातीतून आला. तमिळमध्ये हाच खनिज ‘अरिदारम्’ होतो, आणि अरिदारम् म्हणजे नटाच्या चेहऱ्यावरचा रंग. आता त्यात हरताळ नसतो, परंतु चित्रपटातील नटाने तोंडाला रंग लावला की तमिळ वृत्तपत्रे अजून त्याने अरिदारम् लावला असेच म्हणतात. एका भाषेत पुसण्याचे साधन, दुसरीत रंगण्याचे. दोन्हींकडे वजनाने साठ टक्के आर्सेनिक, आणि दोन्हींकडे शब्दाला त्याची आठवण नाही.

सफेद्याची कथा अशीच. एके काळी सफेदा म्हणजे शिशाचा, मग जस्ताचा. आता डब्यात बहुधा टिटॅनियम असते. धातू दोनदा बदलला, शब्दाने कूसही पालटली नाही. या वेळी सुदैवाने बदल चांगल्या बाजूला झाला. पण ते रंगाऱ्याला शब्दाने सांगितले नाही, कायद्याने सांगितले. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाविषयीचे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत नव्वद भाग ही मर्यादा लागू झाली. कारखान्यांतील लोखंडी चौकटींचे अस्तर ‘घरगुती’ नव्हे आणि ‘सजावटीचे’ही नव्हे. म्हणून पाचव्या पानावर ती ओळ होती.

मी शेवटी तेथे असे लिहिले: ‘शेंदूर (म्हणजे शिसे)’. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, हा देवाचा शब्द आहे. तमिळमध्येही ‘सेन्दूरम्’ म्हटले की एक तर कपाळ आठवते नाही तर वैद्याची पुडी. दक्षतेच्या पुस्तिकेत, विषाच्या यादीत तो घातला तर कोणाचे तरी मन दुखावेल. शिवाय तो पारिभाषिक नाही. दोन्ही आक्षेप खरे होते. त्यांत माझ्या बाजूने मीच एक भर घातली: आज बाजारात शेंदूर म्हणून मिळणारी प्रत्येक पुडी शिशाचीच असते असे नाही, म्हणजे कंसातील माझे समीकरण सर्वत्र खरे नाही. कोशकार म्हणून मी ते लिहिले नसते. पण मी कोश लिहीत नव्हतो. अकरा मुलांपैकी एखाद्याला पुढे कोणी विचारले, “शिशाचं काम करता का?” तर त्याच्या तोंडून काय उत्तर यावे, एवढ्यापुरते मी लिहीत होतो.

मुलांना वाचून दाखवू या, असे ठरले. जेवणाच्या सुटीत मी पाचवे पान मोठ्याने वाचले. ‘शिशाचा लाल ऑक्साइड’ हा पहिला मसुदा वाचला तेव्हा सगळे गप्प होते, परीक्षेच्या वर्गात असतात तसे. दुसरा वाचताच औशाकडचा एक मुलगा म्हणाला, “शेंदूर? सर, आमच्याकडं मारुतीला लावतेत ते?”

“तेच.”

“अन् त्यात शिसं असतंय?”

“यातल्यात नव्वद टक्के.”

त्याने आपल्या नखांकडे पाहिले. दुसऱ्याने विचारले, “मंग मारुतीला काय हुतंय?” सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न वाटतो तितका वाह्यात नाही. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचा साठलेला थर उतरविला तेव्हा तो शेकडो किलो निघाला, आणि आतून मूळ मूर्तीचे रूप दिसले. मी त्या मुलाला म्हणालो, “मारुतीला काही होत नाही. तो जेवायच्या आधी हात धूत नसला तरी चालतं. तुम्ही धुवायचे, साबणाने. आणि घासायचं ते ओलं करून घासायचं, कोरडं नाही.” हे शेवटचे वाक्य पुस्तिकेत नव्हते. अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ विचारला, वहीत टिपून घेतला, आणि नंतर तमिळ प्रतीत ‘ईयम्’च्या जागी स्वतःच्या अक्षरात ‘कारीयम्’ केले.

पंधरा दिवसांनी मुद्रिते आली. ओले घासण्याचे वाक्य चारही भाषांत आले होते. पाचव्या पानावर कोणी तरी माझे कंस काढून टाकले होते आणि त्या जागी ‘शिशाचा शेंदूर’ असे जुळविले होते. कोणी ते मी विचारले नाही. मराठी मुलांपैकीच कोणाला तरी दाखवून घेतले असावे. मी ते तसेच राहू दिले. नवव्या पानावर एक काना राहिला होता, तेवढा दुरुस्त करून मुद्रिते परत पाठविली.